‘विलो’ (१९८८): समीक्षक नाक मुरडतात, प्रेक्षक डोक्यावर घेतात, मग ऐकायचं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा: जॉर्ज लुकासची कथा आणि रॉन हॉवर्डचं दिग्दर्शन असलेला ‘विलो’ तुमच्या नवऱ्याने लहानपणी कॅसेटवर पाहिला होता आणि तो त्याला अजून तोंडपाठ आहे. तुम्ही पाहिलेला नाही. आठ वर्षांच्या मुलीला दाखवायचा विचार आहे, पण नेटवर समीक्षकांचे गुण निम्म्याच्या आसपास घुटमळतात आणि प्रेक्षकांचे पाऊणशेच्या वर जातात. मग खरं कोण बोलतंय?

मी व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये, त्यातही कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जोडण्याच्या कामात, बरीच वर्षं घालवलीत. शिकवण्याच्या निमित्ताने या चित्रपटातले काही प्रसंग फ्रेम थांबवून थांबवून पाहिलेत. माझं मत असं की दोघंही खरं बोलताहेत, कारण दोघांनी पाहिलेलं चित्र एकच नव्हतं. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. पडद्यावर दिसणारं चित्र खरोखर वेगळं होतं. त्याकडे येतोच, पण आधी त्या टक्केवारीचं बघू.

परीक्षणं गोळा करून टक्केवारी देणारं रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ साली सुरू झालं, म्हणजे चित्रपटानंतर दहा वर्षांनी. तिथे ‘विलो’च्या नावापुढे दिसणारा समीक्षकांचा आकडा ही जुनी वर्तमानपत्री परीक्षणं आणि खूप नंतर लिहिलेले लेख यांची खिचडी आहे. शिवाय ती टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती समीक्षकांनी ‘बघा’ म्हटलं, एवढंच ती सांगते. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने ‘विलो’ला चारपैकी अडीच तारे दिले होते. अडीच तारे म्हणजे ‘ठीक आहे, पण जमलं नाही’. टक्केवारीत मात्र तो सरळ नापासाच्या खात्यात जातो. प्रेक्षकांच्या आकड्याचा दोष उलट बाजूचा. पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला आज मुद्दाम जाऊन गुण देतो कोण? ज्याला तो आवडला होता तो. ज्याला आवडला नाही तो कधीच विसरून गेला. त्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही.

आता १९८८च्या समीक्षकांचं खरं म्हणणं काय होतं? ते सगळे एकाच सुरात ओरडले, असं आज सांगितलं जातं, पण ते तितकंसं बरोबर नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जॅनेट मॅस्लिनला लुकासची गोष्ट रचण्याची हातोटी मान्य होती, तिची तक्रार हॉवर्डबद्दल होती, की स्पेशल इफेक्ट्सचा गाडा ओढण्यातच त्याचा जीव गेला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या समीक्षकाने वर्षभर आधीच्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’शी तुलना केली. दोन्ही चित्रपटांचा छायालेखक एकच, एड्रियन बिडल. पण तिथे एवढा डामडौल नसताना जास्त रंगत आली, असा त्याचा सूर. ‘यूएसए टुडे’च्या माइक क्लार्कने मात्र वयाचा मुद्दा काढला: अगदी लहानांना हे झेपणार नाही, मुरलेल्यांना तेच ते वाटेल, पण सहा ते तेरा वयाच्या पोराला यातून सिनेमाचं वेड लागू शकतं. तुमच्या घरी जो वाद आहे, त्याचा अर्धा निकाल या माणसाने तेव्हाच लावून ठेवला होता.

समीक्षक बिथरले असतील, तर त्याला लुकासचाही हात होता. या चित्रपटातल्या कवटीचा मुखवटा घालणाऱ्या क्रूर सेनापतीचं नाव आहे जनरल केल. हे नाव ‘न्यूयॉर्कर’ची समीक्षक पॉलिन केल हिच्यावरून घेतलेलं; तिला ‘स्टार वॉर्स’ आवडला नव्हता. आणि खंदकातून वर येणाऱ्या दोन तोंडांच्या राक्षसाचं नाव निर्मात्यांनी ठेवलं एबरसिस्क, म्हणजे ईबर्ट आणि टीव्हीवर त्याच्या जोडीने परीक्षणं करणारा जीन सिस्कल. केलने आपल्या परीक्षणात या ‘सन्मानाची’ तिरकस दखल घेतलीच. गंमत अशी की १९८३ साली ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या वेळी, जॉन सायमन हा खाष्ट समीक्षक टीव्हीवर ‘स्टार वॉर्स’ची सालं काढत होता, तेव्हा त्याच्यासमोर बसून लुकासची बाजू लढवली ती याच सिस्कल आणि ईबर्टने. केलवरचा राग समजू शकतो. या दोघांना राक्षसाची तोंडं करणं मला कृतघ्नपणाच वाटतो. चित्रपटात मात्र हा राक्षस उत्तम वठलाय, हेही सांगितलं पाहिजे. फिल टिपेटने त्यासाठी गो-मोशन वापरलं. साध्या स्टॉप-मोशनमध्ये बाहुली प्रत्येक फ्रेमला स्थिर असते, त्यामुळे हालचाल खटखटते. गो-मोशनमध्ये मोटर लावून शटर उघडं असतानाच बाहुली किंचित हलवतात, म्हणजे खऱ्या हालचालीत येतो तसा धूसरपणा येतो.

गोष्टीबद्दल समीक्षक बरोबर होते. ती उसनी आहे आणि ते लपवायचा प्रयत्नही नाही. एक मूल आपला नाश करणार, अशी भविष्यवाणी दुष्ट राणी बॅव्हमोर्डाला कळते. ती गरोदर बायकांना कोंडून ठेवते. खूण अंगावर घेऊन जन्मलेल्या मुलीला सुईण चोरून बाहेर काढते, शिकारी कुत्रे पाठीशी लागल्यावर गवताच्या तराफ्यावर ठेवून नदीत सोडते, आणि ते मूल नेल्विन या बुटक्या लोकांच्या गावी येऊन लागतं. तिकडच्या समीक्षकांना यात मोझेस दिसला, टोल्किनची छोटी माणसं दिसली, स्नोव्हाइटची राणी दिसली. आपल्याला सांगायलाच नको. कंस, बंदिशाळा, यमुना सगळं इथे आहे, आणि वर कर्णाची पेटीही आहे. आपल्या घरात हीच गोष्ट दर गोकुळाष्टमीला नव्याने सांगतात आणि ‘ही मागच्या वर्षी ऐकली होती’ अशी तक्रार कोणी करत नाही. पण लुकास पुराण सांगत नव्हता, तिकीट विकत होता, आणि त्याने अकरा वर्षांपूर्वी अशाच मालमसाल्यातून काहीतरी ताजं करून दाखवलं होतं. व्हॅल किल्मरचा तलवारबाज मॅडमार्टिगन पाहून ‘स्टार वॉर्स’मधला हॅन सोलो आठवणार आणि मुखवट्यातला केल पाहून डार्थ व्हेडर आठवणार, हे उघड होतं. समीक्षकाने ते म्हणू नये, तर काय म्हणावं?

आणखी एक कच्चा दुवा म्हणजे सोर्शा. राणीची ही लढवय्यी मुलगी आईला सोडून शत्रूला येऊन मिळते. का? मॅडमार्टिगनने प्रेमाच्या जादुई पुडीच्या अमलात तिच्यासमोर चार गोड वाक्यं म्हटली आणि नंतर लढाईत तो जरा बरा दिसला, म्हणून. आईविरुद्ध जाण्याएवढा मोठा निर्णय एका नजरेत उरकलाय. पडद्यावर तो थोडाफार पटतो तो किल्मर आणि जोअ‍ॅन व्हॉली यांच्यातल्या ओढीमुळे. त्यांनी त्याच वर्षी लग्न केलं. पटकथेने मात्र तिथे काहीच काम केलेलं नाही. त्या वर्षी सर्वांत वाईट कामांना देतात त्या रॅझी पुरस्कारांत पटकथेला नामांकन मिळालं, ते जरा जास्तच झालं. पण या एका दुव्यासाठी गुण कापले असतील, तर माझी हरकत नाही.

समीक्षकांच्या हातून निसटलं काय, तर माझ्या मते वॉरिक डेव्हिस. विलोची भूमिका करताना तो सतरा वर्षांचा होता. ‘जेडाय’मध्ये केसाळ पोशाखात इवॉक झालेल्या या पोराला लुकासने तेव्हाच हेरून ठेवलं होतं. भूमिका काय, तर दोन मुलांचा बाप, शेतकरी, जादू शिकायची हौस असलेला आणि त्यात वारंवार फजिती होणारा. कल्पनारम्य साहसपटांचा नायक बहुतेक वेळा आगापिछा नसलेला तरुण असतो; त्याला घरी परतायची घाई नसते. विलोला असते. बायकोने दिलेली आपल्या केसांची वेणी खिशात घेऊन तो निघतो, आणि दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन रस्ताभर कुरकुरतो, घाबरतो, तरी पुढे जातो. त्याच्या उंचीवर विनोद आहेत, पण ते उंच माणसं करतात आणि त्या विनोदांत उंच माणसंच मूर्ख ठरतात. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर राहतो. हे तेव्हा किती दुर्मीळ होतं, ते आपल्या बाजूने पाहा. पुढच्याच वर्षी कमल हासनचा ‘अपूर्व सहोदरर्गल’ आला. हिंदीत तोच ‘अप्पू राजा’. कमलचं काम अफाट आहे, पण त्या बुटक्या विदूषकाच्या जागी उभा होता सरासरी उंचीचा मोठा तारा. ‘विलो’त कमी उंचीच्या नटाला मुख्य भूमिका मिळाली, आणि नेल्विन गावासाठी तशाच दोनशेहून अधिक कलाकारांना काम मिळालं. आज प्रतिनिधित्वावर पानंच्या पानं लिहिली जातात. १९८८च्या परीक्षणांत डेव्हिस ‘गोड आहे’ यापलीकडे फारसा जात नाही.

पुढच्या परिच्छेदात शेवट फुटतो. नको असेल तर गाळा.

पटकथेला मी नावं ठेवली, पण तिच्यात एक गोष्ट इतकी नेटकी आहे की मी ती विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून दाखवतो. सुरुवातीला गावच्या जत्रेत विलो डुकराचं पिल्लू गायब करण्याचा खेळ करतो आणि त्याची फजिती होते. त्याच जत्रेत गावचा म्हातारा मांत्रिक, जग चालवण्याची शक्ती कोणत्या बोटात आहे असं विचारतो. विलोच्या मनात येतं, ‘माझ्याच’. पण धीर होत नाही आणि तो मांत्रिकाचं बोट दाखवतो. दीडेक तासाने, सगळी खरी जादू हरल्यावर, बॅव्हमोर्डासमोर तो उभा राहतो आणि तोच डुकराच्या पिल्लाचा खेळ बाळावर करतो. खरी जादूगारीण जत्रेतल्या हातचलाखीला फसते. ज्या चित्रपटाला ‘इफेक्ट्सच्या ओझ्याखाली दबलेला’ म्हटलं, त्याचा निर्णायक क्षण एकही इफेक्ट न वापरता येतो. मॅस्लिनच्या टीकेला याहून चांगलं उत्तर हॉवर्डला देता आलं नसतं, पण ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

आता माझ्या धंद्याचा विषय. आमच्या लोकांमध्ये ‘विलो’चं नाव निघतं ते मॉर्फिंगमुळे. फिन रझिएल ही शापित जादूगारीण बकरीच्या रूपात असते आणि विलोच्या मंत्राने ती शहामृग, मोर, कासव, वाघ अशी बदलत शेवटी माणूस होते. तोवर रूपांतराचे नेहमीचे मार्ग दोन होते. एक, कॅमेरा थांबवून वस्तू बदलणं, जे फाळक्यांपासून आपणही करत आलो. दुसरा, डिझॉल्व, म्हणजे एक चित्र विरत असताना दुसरं उमटवणं. डिझॉल्वमध्ये मध्यावर दोन्ही चित्रं एकमेकांवर भुतासारखी दिसतात, कारण बकरीचा डोळा आणि शहामृगाचा डोळा एका जागी नसतो. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या डेनिस म्यूरन आणि डग स्माइथ यांच्या चमूने काय केलं, तर प्रत्येक प्राण्याचं चित्रीकरण वेगळं करून ते कॉम्प्युटरमध्ये घेतलं. दोन्ही चित्रांवर जाळी टाकून डोळ्याला डोळा, तोंडाला तोंड असे बिंदू जुळवले. मग पहिलं चित्र दुसऱ्याच्या आकाराकडे ताणायचं, दुसरं पहिल्याच्या आकाराकडून मोकळं करायचं, आणि ते होत असतानाच विरघळवायचं. ताण आणि डिझॉल्व एकत्र. कथापटात एवढ्या वास्तव दिसणाऱ्या रूपात हे पहिल्यांदाच झालं. तीन वर्षांनी ‘टर्मिनेटर २’ने त्याच्या पुढची मजल मारली, आणि नव्वदच्या दशकात हे तंत्र जाहिरातींत इतकं घासलं गेलं की त्याचा वीट आला.

त्या वर्षीच्या ऑस्करला ‘विलो’ला व्हिज्युअल इफेक्ट्स आणि साउंड इफेक्ट्स एडिटिंग अशी दोन नामांकनं होती. दोन्ही ठिकाणी ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ जिंकला. त्याचे इफेक्ट्सही इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकनेच केले होते, त्यामुळे हार-जीत एकाच घरात राहिली.

पण सगळंच काम त्या दर्जाचं नाही. नऊ इंचांचे ब्राउनी, म्हणजे ती चहाटळ चिमुकली माणसं, निळ्या पडद्यासमोर चित्रित करून ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरची चित्रं पुन्हा चित्रित करून एकत्र आणणाऱ्या यंत्रावर, जोडलेली आहेत. या पद्धतीत प्रत्येक जोडकामाला फिल्मची नवी प्रत निघते, दाणा वाढतो आणि कडेला काळी रेघ राहते. आम्ही तिला मॅट लाइन म्हणतो. थिएटरच्या मोठ्या पडद्यावर ती रेघ दिसते. २०१३च्या ब्ल्यू-रेवर तर ती ठळक दिसते. आणि कॅसेटवर? कॅसेटची धूसरता ती रेघ गिळून टाकते. दुसरं म्हणजे चित्रपट रुंद पडद्याचा आहे, २.३५ ला १. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी पॅन अँड स्कॅन करताना, म्हणजे रुंद चित्राचा एक तुकडा निवडून तेवढाच दाखवताना, रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापला जायचा. त्यात गेली ती न्यूझीलंडची डोंगररांग, वेल्सची दगडखाण, रंगवलेले किल्ले, रिकामे मोठे कोपरे. उरले ते चेहरे: डेव्हिस, किल्मर, बाळ. समीक्षकाने पाहिला तो जोड दिसणारा, अवाढव्य, पसरट चित्रपट. तुमच्या नवऱ्याने पाहिला तो जोड न दिसणारा, चेहऱ्यांचा, जवळचा चित्रपट. तोही पुढे-मागे करत, आवडते प्रसंग दहादा बघत. दोन माणसांनी दोन वेगळी चित्रं पाहून दोन वेगळी मतं दिली, तर भांडायचं कशावर?

कॅसेटचा प्रेक्षक हा योगायोग नव्हता, हेही सांगायला हवं. ‘विलो’ उभा राहिला तेव्हा परीकथांना बाजार नव्हता. लुकासने स्वतः निर्मिलेला ‘लॅबिरिंथ’ १९८६ मध्ये आपटला होता. शेवटी एमजीएम स्टुडिओने थिएटर आणि टीव्हीच्या हक्कांच्या बदल्यात साडेतीन कोटी डॉलरच्या खर्चाचा अर्धा वाटा उचलला. तिथे प्रमुख होता अ‍ॅलन लॅड ज्युनियर, ज्याने फॉक्समध्ये असताना ‘स्टार वॉर्स’वर पैसा लावला होता. व्हिडिओचे हक्क लुकासने स्वतःकडे ठेवले आणि त्यांच्या जोरावर उरलेला अर्धा भाग उभा केला. २० मे १९८८ ला चित्रपट लागला, पहिल्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या क्रमांकावर राहिला आणि लगेच ‘क्रोकोडाइल डंडी २’ आणि ‘रॅम्बो ३’च्या कात्रीत सापडला. जूनच्या सुरुवातीला टॉम हँक्सचा ‘बिग’ आला. अमेरिकेत सुमारे पावणेसहा कोटी डॉलरचा गल्ला झाला. त्यातला मोठा हिस्सा थिएटरवाल्यांचा असतो, म्हणजे अमेरिकेतल्या धंद्यावर हात चोळायचीच वेळ होती, त्यातून लुकासला ‘ई.टी.’च्या तोडीची अपेक्षा होती. पैसा वसूल झाला तो परदेश, टीव्ही आणि कॅसेटवर. म्हणून ‘फ्लॉप’ म्हणणारे आणि ‘क्लासिक’ म्हणणारे दोघं एकाच जमाखर्चाची वेगवेगळी पानं वाचत असतात.

जेम्स हॉर्नरच्या संगीताबद्दलही असाच दुभंग आहे. जपानी शाकुहाची बासरीचे ते फुत्कार आणि घोड्यांच्या पाठलागातली उसळी चाहत्यांना पाठ असते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारे मुख्य धून वाजली की शूमानच्या तिसऱ्या सिंफनीचं नाव घेतात. साम्य आहेच. मला तरी त्याने फरक पडत नाही.

आठवणींवर किती विसंबावं, याची परीक्षा डिस्नेने २०२२ मध्ये घेतली. डेव्हिसलाच घेऊन आठ भागांची मालिका काढली, मार्च २०२३ मध्ये ती बंद केली आणि दोन महिन्यांत आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरूनच उतरवली. आजारपणामुळे किल्मर तिच्यात नव्हता. २०२५ मध्ये तो गेलाही. मालिका अगदी टाकाऊ नव्हती, पण मूळ चित्रपटाला चिकटलेल्या प्रेमाचा फार थोडा भाग तिच्या वाट्याला आला. तिचा शोध घेत बसू नका.

आता तुमच्या मुलीबद्दल. आठ वर्षांची म्हणजे क्लार्कने सांगितलेल्या वयात ती बसते. तरी तीन जागा आधी माहीत असू द्या. सुरुवातीलाच सुईणीवर कुत्रे तुटून पडतात. टिर आस्लीनच्या किल्ल्यात केसाळ ट्रोल येतात, आणि विलोच्या कांडीने त्यातल्या एकाची कातडी सोलून निघते. तोच पुढे दोन तोंडांचा राक्षस होतो, हा भाग किळसवाणा आहे. आणि राणी अख्ख्या सैन्याची डुकरं करते तो प्रसंग पोरांना विनोदी वाटेल असं आपल्याला वाटतं, पण त्यात माणसांचे चेहरे बदलताना दिसतात आणि काही मुलं तिथेच सर्वांत जास्त घाबरतात. ती घाबरट असेल तर वर्षभर थांबा. चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे. मध्ये, डोंगरातून ढालीवर बसून घसरण्याच्या प्रसंगानंतर, विश्रांती घेतलीत तर बरं पडेल. मोबाइलवर अजिबात दाखवू नका, पण प्रोजेक्टरचाही हट्ट धरू नका. घरातला मध्यम टीव्ही आणि रुंद पडद्याची न कापलेली प्रत पुरेशी आहे. नवऱ्याला मात्र आधीच सांगून ठेवा, की ब्राउनींच्या कडेला रेघा दिसतील आणि त्या त्याच्या लहानपणी नव्हत्या असं तो शपथेवर सांगेल.